वाद्यवृंद विसरत नाही

गेल्या अंकात मी जर्मन संगीतकार रिशार्ड वाग्नरच्या 'निबेलुंगाची अंगठी' या चार ऑपेरांच्या मालिकेबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते. तिच्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटींचा, म्हणजे लाइटमोटिफांचा, उल्लेख एका वाक्यात उरकला होता. तुमची बहुतेक पत्रं त्या एका वाक्याबद्दलच आली. म्हणून या महिन्याचं सदर पूर्णपणे त्यालाच दिलं आहे. मी तीस वर्षं पुण्यात जर्मन शिकवलं, त्यामुळे नावं जर्मन उच्चाराप्रमाणे लिहिते, एवढं सांभाळून घ्या.

गोष्ट ठाऊक नसलेल्यांसाठी आधी चार ओळी. ऱ्हाइन नदीच्या तळाशी सोनं आहे. जो प्रेमावर पाणी सोडेल त्यालाच त्या सोन्यातून जगावर सत्ता देणारी अंगठी घडवता येईल. आल्बेरिश नावाचा निबेलुंग, जमिनीखाली राहणारा बुटका, ते करतो. देवांचा राजा वोटान याने दोन महाकाय भावांकडून वाल्हाल नावाचा महाल बांधून घेतला आहे. त्यांची मजुरी भागवायला तो आल्बेरिशची अंगठी हिसकावतो आणि आल्बेरिश तिला शाप देतो. वोटानची मानवी जुळी मुलं जीगमुंड आणि जीगलिंड, त्यांचा मुलगा जीगफ्रीड, वोटानची लाडकी लेक आणि वालक्यूर, म्हणजे रणांगणावरची योद्धी, ब्र्युनहिल्ड, सगळे त्या शापाच्या फेऱ्यात सापडतात. शेवटी अंगठी नदीकडे परत जाते आणि वाल्हाल जळतं. 'ऱ्हाइनचं सोनं', 'वालक्यूर', 'जीगफ्रीड' आणि 'देवांचा अस्त' असे चार भाग, मिळून साधारण पंधरा तासांचं संगीत. वाग्नरने 1848 मध्ये हे काम हाती घेतलं आणि 1874 मध्ये संपवलं. ऑगस्ट 1876 मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला, वाग्नरने बांधवून घेतलेल्या नाट्यगृहात, चारही भाग प्रथमच सलग झाले.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पाश्चात्त्य संगीत ऐकू लागलो. 'अंगठी'साठी सुरावटींची एक यादी उतरवून घेतली. 'भाला', 'तलवार', 'शाप', 'नियती', 'प्रेमत्याग' अशी नव्वदवर नावं आहेत. दोन महिने पाठ केली. पण प्रत्यक्ष ऐकायला बसलो की पाच-सहा सोडून एकही ओळखू येत नाही, आणि तोवर नाटक पुढे गेलेलं असतं. दोष माझ्या कानाचा आहे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कान तुमचा उत्तम आहे. दोन महिने चिकाटीने पाठांतर करणाऱ्या माणसाचा कान वाईट असूच शकत नाही. फक्त ती यादी आता कपाटात ठेवा.

ही नावं वाग्नरने दिलेली नाहीत. 1876 च्या प्रयोगांच्या वेळी हान्स फॉन वोल्त्सोगेन या त्याच्या तरुण चाहत्याने श्रोत्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. सुरावटींना नावं देण्याची आणि 'लाइटमोटिफ' या शब्दाची चाल पडली ती मुख्यतः तिथून. वाग्नरला हे फारसं रुचलं नव्हतं. 1879 च्या एका लेखात तो म्हणतो की माझ्या तरुण मित्राने या सुरावटींचा नाट्यातला अर्थ पाहिला, पण त्यांच्यातून संगीताची इमारत कशी उभी राहते ते पाहिलं नाही. माझं मतही तेच. नावाची चिठ्ठी डकवली की आपण 'आली, ओळखली' म्हणतो आणि तिथेच थांबतो. ती आत्ताच का आली, हा खरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

माझा अनुभव सांगते. जर्मनीत शिकत असताना मी एका मध्यम आकाराच्या गावातल्या नाट्यगृहात पहिल्यांदा 'वालक्यूर' पाहिलं. सगळ्यात वरच्या सज्जात स्वस्तातली जागा होती आणि मांडीवर अशीच एक यादी. दिवे गेले आणि यादी दिसेना. पहिल्या अंकात थकलेला, पाठलाग चुकवून आलेला जीगमुंड अनोळखी घरात आपली कहाणी सांगतो. लहानपणी तो बापाबरोबर रानात राहत असे. एकदा शत्रूंनी त्यांना गाठलं, बाप दिसेनासा झाला. जीगमुंड शोधत फिरला तेव्हा त्याला फक्त लांडग्याचं एक रिकामं कातडं सापडलं. 'बाप मला सापडला नाही,' एवढं म्हणून तो थांबतो. त्या शांततेत ट्रॉम्बोनवर, अगदी हळू, वाल्हालची सुरावट वाजते.

आदल्या संध्याकाळी 'ऱ्हाइनचं सोनं'मध्ये ती मी भरदार, झगमगत्या रूपात ऐकली होती. देवांच्या राजाचा महाल, त्याचा दिमाख. आता ती एका अनाथाच्या वाक्याखाली कुजबुजत होती. माझ्या अंगावर काटा आला. याचा बाप वोटान आहे हे मला कळलं होतं, जीगमुंडला कळलं नव्हतं, आणि मरेपर्यंत त्याला ते कळणारही नव्हतं. थोड्या वेळाने जीगलिंड सांगते की माझ्या लग्नाच्या दिवशी एक म्हातारा आला होता, टोपी खाली ओढून त्याने एक डोळा झाकला होता. तेव्हाही तीच सुरावट. दोघंही एकाच बापाबद्दल बोलत आहेत आणि दोघांनाही ते माहीत नाही. वाद्यवृंदाला माहीत आहे.

म्हणून नव्वद नकोत, पाचच घ्या. नदी, अंगठी, वाल्हाल, भाला आणि तलवार. पहिल्या चार 'ऱ्हाइनचं सोनं'च्या पहिल्या तासाभरात भेटतात, पाचवी त्याच्या शेवटी.

नदीपासून सुरुवात करा, कारण ती तुमच्या कानाला परकी नाही. पडदा उघडण्याआधी डबल बेसवर एकच खर्ज लागतो आणि लागूनच राहतो. त्याच्यावर बासून ही फुंकवाद्यं पंचम धरतात. मग आठ हॉर्न एकामागोमाग एक उठतात, सा-प-सा-ग असे चढत. 136 तालखंड, सुमारे चार मिनिटं, आधारस्वर बदलतच नाही. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. एका स्वराच्या पोटात निसर्गतःच जे स्वर असतात तेच वाग्नर एकेक करून बाहेर काढतो. सृष्टीला अजून कोणी हात लावलेला नाही, हे तो असं सांगतो. ही चार मिनिटं आठ दिवस रोज ऐका. बाकी काही ऐकू नका.

अंगठीची सुरावट याच्या नेमकी उलट आहे. एकेक स्वर गाळून खाली येणारी, तशीच वर जाणारी, आणि कुठेच न विसावणारी. 'ऱ्हाइनचं सोनं'च्या पहिल्या दोन प्रवेशांच्या मधे, आल्बेरिश सोनं घेऊन पळाल्यावर, ती इंग्लिश हॉर्न आणि क्लॅरिनेट यांच्यावर फिरत राहते. धुकं दाटतं. हॉर्न तिला हलकेच उचलतात, तिच्यातला विसंवाद एकेक करून गळतो, धुकं विरतं, आणि समोर पहाटेच्या उजेडात वाल्हाल. वाजतेय ती वाल्हालची भव्य सुरावट. पण कान देऊन ऐका, तिचा आकार अंगठीचाच आहे! चोराची हाव आणि राजाचा महाल एकाच साच्यातून निघाले आहेत. पुढे तिसऱ्या भागात वोटान स्वतःला 'प्रकाशाचा आल्बेरिश' म्हणवून घेतो. शब्दांना तिथवर यायला दोन रात्री लागतात. संगीताने ते पहिल्याच रात्री सांगितलेलं असतं.

भाला म्हणजे खालच्या वाद्यांवर ठाम पावलं टाकत उतरणारा सरळ अवरोह. वोटानचे सगळे करार त्या भाल्याच्या दांड्यावर कोरलेले आहेत. तलवार मुद्दाम सांगत नाही. 'ऱ्हाइनचं सोनं'च्या शेवटी वोटानला एक मोठी कल्पना सुचते आणि एक ट्रम्पेट झळाळून उठतो. काय सुचलं ते तो बोलत नाही. उत्तर दुसऱ्या रात्री, जीगमुंडच्या अंधाऱ्या खोलीत मिळतं. तिथे तुम्ही ती न चुकता ओळखाल.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकते. लाइटमोटिफ म्हणजे रागाची पकडच नाही का? नि रे ग ऐकलं की यमन समजतो, तसं? — एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : सुरुवात तिथून करायला हरकत नाही, मीही तिथूनच केली. माझी आत्या पेटी शिकवायची. वाड्यात कोणी दोन स्वर गुणगुणलं की स्वयंपाकघरातून रागाचं नाव सांगायची. तो कान इथे फार कामाला येतो.

पण एक मोठा फरक आहे. पकड रागाची ओळख पटवते, आणि राग काल जो होता तोच आज असतो. यमनला काही घडत नाही. वाग्नरच्या सुरावटीला घडतं. ती एखाद्या प्रसंगाला चिकटते, त्या प्रसंगाचं ओझं घेऊन पुढे जाते आणि वाटेत बदलते.

तुम्हाला स्वर कळतात म्हणून दोन बदल सांगते. 'ऱ्हाइनचं सोनं'च्या शेवटच्या प्रवेशात भूमातेसारखी एर्डा जमिनीतून वर येते आणि वोटानला बजावते, अंगठी सोडून दे. तिची सुरावट म्हणजे नदीचाच चढ, पण शुद्ध गंधाराच्या जागी कोमल. अर्ध्या स्वराच्या उतरण्याने ती सगळी नदी म्हातारी होते. मग ती म्हणते, जे जे आहे ते संपतं, देवांवर काळोखा दिवस येतो आहे. आणि तोच चढ उलटा होऊन खाली येतो. चढ म्हणजे उगम, उतार म्हणजे अस्त. चौथ्या भागाचं नाव 'देवांचा अस्त' आहे, आणि त्याचं बीज पहिल्या रात्रीच या उलटलेल्या ओळीत पडलेलं आहे.

दुसरा बदल टिंपनीवर. महाकाय भाऊ प्रथम येतात तेव्हा नगाऱ्यासारख्या त्या वाद्यावर शुद्ध चतुर्थाचे धम्म-धम्म ठोके पडतात, सा आणि शुद्ध मध्यम यांच्या अंतराचे. ओबडधोबड पण सरळ माणसं. अंगठीसाठी त्यांतला फाफ्नर भावाला मारतो, आणि पुढे अजगर होऊन त्या धनावर वेटोळं घालून बसतो. 'जीगफ्रीड'च्या दुसऱ्या अंकाच्या आरंभी तेच ठोके येतात, पण मध्यम आता तीव्र झालेला असतो. सा आणि तीव्र मध्यम, आधाराला काहीही नाही. घरी पेटीवर दोन्ही जोड्या वाजवून पाहा. खुनाचा डाग एका पट्टीच्या सरकण्यात कसा दाखवता येतो ते बोटांना कळेल.

आणि आठवणीचं म्हणाल, तर तुम्हाला शाकुंतल ठाऊक असणारच. शापामुळे दुष्यंत शकुंतलेला विसरतो आणि अंगठी दिसल्यावर त्याला सगळं आठवतं. 'देवांचा अस्त'मध्ये जीगफ्रीडला विस्मरणाचं पेय पाजतात. ते ओठी लावताना तो ब्र्युनहिल्डचं नाव घेतो आणि पिऊन होताच तिला विसरतो. इथे मात्र बोटातली अंगठी काहीच आठवून देत नाही. शेवटच्या अंकात दुसऱ्या पेयाने स्मृती परत येते, त्याच क्षणी पाठीत भाला बसतो, आणि मरताना तो तिला हाक मारतो. तेव्हा वाद्यवृंद जे वाजवतो ते आपण आदल्या रात्री ऐकलेलं असतं. आगीच्या कड्यात झोपलेली ब्र्युनहिल्ड डोळे उघडून सूर्याला वंदन करते, तेव्हाचे ते लांब, उजळत जाणारे स्वरसंघ आणि हार्पचे झरे. जागं होण्याचं संगीत आणि मरणाचं संगीत एकच. बायरॉइटच्या त्या पहिल्या प्रयोगानंतर चारच वर्षांनी, 1880 मध्ये, पुण्यात किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. पण विसरलेला नवरा, अंगठी आणि गाणं, हे एकाच दशकात दोन्हीकडे रंगमंचावर उभं होतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : नोकरीमुळे म्युनिकमध्ये राहतो, दोनदा 'अंगठी' पाहिली. एक कोडं सुटत नाही. 'प्रेमत्याग' नावाची सुरावट सोन्याची राखण करणारी ऱ्हाइनकन्या गाते : जो प्रेमाची सत्ता नाकारेल त्यालाच अंगठी. ठीक. पण तीच सुरावट 'वालक्यूर'च्या पहिल्या अंकाच्या शेवटी, जीगमुंड झाडातून तलवार उपसताना गातो! तो तर त्या क्षणी प्रेमात आकंठ बुडालेला आहे. वाग्नर चुकला का? शिवाय, बायरॉइटला जाणं खरंच आवश्यक आहे का? — एक वाचक, म्युनिक

उत्तर : या पत्राने मला दोन दिवस बसवून ठेवलं. ओळी पुन्हा ऐकल्या, संहिता पुन्हा उघडली. वाग्नर चुकलेला नाही. चूक आहे ती 'प्रेमत्याग' या नावाची.

तुम्ही जर्मनीत राहता, तेव्हा शब्दांकडे बघा. ऱ्हाइनकन्येच्या ओळीत प्रेमासाठी आजचा 'लीबे' हा शब्द नाही, 'मिने' आहे. मध्ययुगीन कवींचा, आज कोणी बोलताना न वापरणारा शब्द. आणि जीगमुंडची ओळ? 'हायलिग्स्टर मिने ह्योक्स्टे नोट', पवित्रतम प्रेमाची परमोच्च निकड. तोच जुना शब्द, तीच सुरावट, दोन्हीकडे सी मायनर हीच पट्टी. इतक्या गोष्टी योगायोगाने जुळत नाहीत.

आता 'नोट' घ्या. वर्गात हा शब्द शिकवताना मला नेहमी वेळ लागायचा. गरज, संकट, हालअपेष्टा, निकड, सगळं त्यात येतं. मराठीत 'नड' म्हटलं की थोडं जवळ जातं. याच शब्दापासून जीगमुंड तलवारीला नाव देतो, नोटुंग. नडीला उपयोगी पडणारी, नडीतूनच जन्मलेली. बापाने कबूल केलं होतं की परमसंकटात तुला तलवार मिळेल. ती मिळते, पण तिच्याबरोबर त्याचं मरणही ठरतं. बहिणीवर प्रेम करून, तिला नवऱ्याच्या घरातून घेऊन तो निघतो, आणि दुसऱ्या अंकात त्याच नवऱ्याच्या हातून मरतो. वोटानच आपल्या भाल्याने ती तलवार मोडतो.

म्हणजे ती सुरावट त्यागाची नाही. प्रेमाच्या बाबतीत माणूस मागे न फिरता येणारं पाऊल टाकतो, तिथे ती येते. आल्बेरिश प्रेम टाकतो. जीगमुंड प्रेम पत्करतो. किंमत दोघांनाही सर्वस्वाची पडते. तिसरी जागा 'वालक्यूर'च्या अगदी शेवटी आहे. आज्ञा मोडली म्हणून वोटान ब्र्युनहिल्डचं देवत्व काढून घेतो, तिच्या डोळ्यांचं चुंबन घेऊन तिला झोपवतो. बाप मुलीला कायमचा निरोप देतो तिथे पुन्हा हीच ओळ. त्याचं प्रेम संपलं आहे का? उलट! या पंधरा तासांत वोटान कोणावर इतकं प्रेम करताना दिसत नाही. या तिन्ही जागा लागोपाठ ऐका. मग तिला कुठलंही नाव द्यावंसं वाटणार नाही.

इंग्लंडच्या डेरिक कुक यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस 193 उदाहरणं घेऊन या सुरावटींची नाती समजावणारं एक ध्वनिमुद्रण केलं. ते मला फार उपयोगी पडलं, कारण त्यात यादीपेक्षा घराणी आहेत, कोण कोणापासून जन्मलं ते आहे. तुम्हाला ते आवडेल.

आणि बायरॉइट. तिकीट मिळालं तर जरूर जा, नाही तर निदान दिवसाची सहल करून ते नाट्यगृह आतून पाहून या. 22 मे 1872 ला, वाग्नरच्या वाढदिवशी, त्याची पायाभरणी झाली. वाद्यवृंदाचा खड्डा रंगमंचाखाली उतरत जातो आणि त्यावर आच्छादन आहे, त्यामुळे प्रेक्षकाला वादक आणि संचालक दिसतच नाहीत. आवाज आधी रंगमंचाकडे जातो, गायकांच्या आवाजात मिसळतो आणि मग आपल्याकडे येतो. सुरावट कुठल्या वाद्यातून आली हे दिसत नसल्यामुळे ती एखाद्या पात्राच्या मनातून आल्यासारखी वाटते. मी मार्गदर्शकाबरोबर गेले होते, लाकडी खुर्चीवर पाच मिनिटं बसले, समोर प्रयोग नव्हता, तरी ते कळलं. आणि तिथे मध्यंतरानंतर घंटा होत नाही. सज्जावर पितळी वाद्यांचे वादक येतात आणि पुढच्या अंकातली एक सुरावट वाजवतात, पंधरा मिनिटं आधी एकदा, दहा मिनिटं आधी दोनदा, पाच मिनिटं आधी तीनदा.

प्रश्न : वाग्नरला बुद्धविचाराची ओढ होती असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं आहे का, की आपल्याकडचा अभिमान? — एक वाचक, नागपूर

उत्तर : पूर्ण खरं आहे, आणि आजच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. फ्रेंच विद्वान यूजेन ब्युर्नुफ यांचा भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरचा ग्रंथ वाचून वाग्नरने 1856 मध्ये 'दी जीगर', म्हणजे 'विजेते', या ऑपेराचा छोटा आराखडा लिहिला. प्रकृती ही चांडाळकन्या बुद्धाचा शिष्य आनंद याच्या प्रेमात पडते. बुद्ध तिचा पूर्वजन्म उलगडतो. त्या जन्मी ती गर्विष्ठ ब्राह्मणाची मुलगी होती आणि चांडाळराजाच्या मुलाचं प्रेम तिने हसून झिडकारलं होतं. ते कळल्यावर ती संघात प्रवेश करते.

हे ऑपेरा त्याने कधी रचलं नाही. पण ही कथा आपल्याला का खेचत होती ते त्याने आत्मचरित्रात सांगितलं आहे. समोर आलेल्या प्रत्येक जीवाचा मागचा जन्म बुद्धाला वर्तमानाइतकाच स्पष्ट दिसतो, आणि पात्राचं हे दुहेरी आयुष्य श्रोत्याला सांगायला पूर्वी ऐकलेल्या सुरावटीच्या आठवणीइतकं योग्य साधन दुसरं नाही, असा त्याचा आशय. जीगमुंड बोलत असताना खालून वाल्हाल वाजतं, तिथे श्रोत्याला त्या पात्रामागचं न दिसणारं आयुष्य दिसतं. ज्यांनी 'अंगठी' अनेकदा ऐकली आहे त्यांनी हा आराखडा जरूर वाचावा. जेमतेम पानभर आहे.

प्रश्न : ज्यूंबद्दल इतकं विषारी लिहिणाऱ्या माणसाचं संगीत तुम्ही इतक्या प्रेमाने कसं समजावता? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. 1850 मध्ये टोपणनावाने आणि 1869 मध्ये स्वतःच्या नावाने त्याने ज्यू संगीतकारांविरुद्ध जे लिहिलं ते घृणास्पद आहे, आणि त्याला 'त्या काळाची रीत' म्हणून पदराखाली घेणं मला मान्य नाही. जीगफ्रीडला वाढवणाऱ्या मीमे या बुटक्याच्या चित्रणात तोच द्वेष डोकावतो असं अनेक अभ्यासकांना वाटतं. 'जीगफ्रीड' ऐकताना मलाही ते खटकतं, आणि ते खटकायला हवं. वर्गात वाग्नर ऐकवण्याआधी मी हे मुलांना दर वेळी सांगत असे. ज्यांना त्यानंतर ऐकायचं नसे त्यांना मी बसवून ठेवलं नाही. मी ऐकत राहिले, कारण सत्तेसाठी प्रेम विकणाऱ्यांचं काय होतं हे इतक्या खोलवर सांगणारं संगीत मला दुसरं सापडलं नाही. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही.

प्रश्न : सगळं जळून गेल्यावर अगदी शेवटी व्हायोलिनवर एक उंच, शांत सुरावट येते. ती ऐकून मला रडू आलं, पण ती आधी कुठे ऐकली ते आठवेना. झुबिन मेहतांनी संचालन केलेल्या वॅलेन्शियाच्या प्रयोगाचं चित्रण पाहत होते. — एक वाचक, पुणे

उत्तर : आठवेना यात नवल नाही. ती आधी फक्त एकदाच येते, आणि तीही दोन रात्री आधी.

'वालक्यूर'च्या तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश काढा. वालक्यूरींच्या घोडदौडीचं ते सगळ्यांना माहीत असलेलं संगीत संपलं आहे. जीगमुंड मेला आहे. ब्र्युनहिल्डने जीगलिंडला कशीबशी वाचवून आणलं आहे, आणि जीगलिंड म्हणते, मला का वाचवलंत, मला मरू द्या. तेव्हा ब्र्युनहिल्ड तिला सांगते, तुझ्या पोटात मूल आहे. क्षणात ती बाई बदलते. मोडलेल्या तलवारीचे तुकडे उराशी घेते आणि ब्र्युनहिल्डकडे पाहून गाते, 'ओ हेरस्टेस वुंडर! हेरलिश्स्टे माइट!' केवढा थोर चमत्कार, किती उदात्त मुलगी तू! तीच ही सुरावट. काही क्षणांत जीगलिंड रानाकडे पळून जाते. पुढे मुलाला जन्म देताना ती मरते, हे आपल्याला फक्त मीमेच्या तोंडून कळतं. रंगमंचावर ती पुन्हा येत नाही.

मार्गदर्शिकांनी या सुरावटीला 'प्रेमातून मुक्ती' असं भारदस्त नाव दिलं. वाग्नरच्या मते ती होती ब्र्युनहिल्डचं गौरवगान. त्याची पत्नी कोझिमा हिने रोजनिशीत नोंदवलं आहे की ही ओळ शेवटासाठी राखून ठेवली याचा त्याला आनंद वाटत होता. 'जीगफ्रीड'च्या तिन्ही अंकांत ती नाही. 'देवांचा अस्त'मध्येही अगदी शेवटपर्यंत नाही. ब्र्युनहिल्ड जीगफ्रीडच्या चितेत घोडा घालायला निघते तेव्हा ती जागी होते. मग आग, नदीचा पूर, अंगठी परत घेणाऱ्या ऱ्हाइनकन्या, दूर पेटलेलं वाल्हाल. नदी वाजते, वाल्हाल वाजतं, जीगफ्रीड वाजतो, अस्ताचा तो उतार वाजतो. आणि सगळ्यांच्या वर व्हायोलिनवर ती.

तुम्ही पाहिलेल्या चित्रणात तो प्रवेश शोधा. जीगलिंडची ती ओळ जेमतेम मिनिटभराची आहे. ती ऐका, मग थेट चौथ्या भागाची शेवटची पाच मिनिटं लावा, मधलं काहीही न ऐकता. रडू कशाचं आलं ते तुम्हाला कळेल. सगळे देव गेल्यावर तिथे एका गरोदर, निराधार बाईने दुसरीला म्हटलेलं 'धन्य तुझी' एवढंच वाजत असतं.